पडवींतील जुनी जीप आणि तिचा घरच्या घरीं जीर्णोद्धार

आपल्याकडील कित्येक जुन्या शेतकरी घराण्यांच्या वाड्यामागील पडवींत, कडब्याच्या गंजीशेजारीं किंवा मोडक्या बैलगाडीच्या आडोशास, एखादी जुनी जीपगाडी वर्षानुवर्षें उभी असलेली आढळते. एके काळीं तिनें भाजीपाला बाजारांत नेला, बियाणें व खत आणिलें, बाळंतिणीस रात्रीं-अपरात्रीं तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविलें. पुढें नवीं वाहनें आलीं आणि ही मागें पडली. आतां तिच्या बैठकीवर कोंबड्या अंडीं घालतात, व भंगारवाला मधून मधून येऊन वजनाचा भाव सांगून जातो. अशी गाडी पुन्हां चालूं करावी अशी हौस घरांतील एखाद्या तरुणास वाटूं लागते. ही हौस स्तुत्य आहे. परंतु हें काम कोणत्या क्रमानें करावें याची माहिती नसल्यामुळें पैसा व्यर्थ जातो, आणि क्वचित् प्राणावरहि बेततें. सबब त्या क्रमाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

जुनी गाडी कोणती?

अशा गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणण्याची चाल आहे. हा शब्द मूळचा मोटारीचा नव्हेच. तो द्राक्षाच्या मळ्यांतून आलेला आहे. अमुक एका वर्षाच्या हंगामांत खुडलेल्या द्राक्षांची ही मदिरा, असें दर्शविण्यासाठीं तो योजीत. हें नाशिककडील आमच्या बागाइतदारांस सांगावयास नको. पुढें जुन्या मोटारींचे शोकीन तो शब्द वापरूं लागले. इंग्लंडांत १९३४ सालीं स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लबाच्या मतें १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांसच हें नांव शोभतें. आपल्या देशांत मात्र २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिजप्रमाणें प्रथम नोंदणीपासून ५० वर्षें लोटलेली खासगी दुचाकी वा चारचाकी गाडी व्हिंटेज ठरते. तिचा सांगाडा, बाह्यांग व इंजिन हीं मूळ स्वरूपांत असावीं, अशी अट आहे.

येथें उदाहरणादाखल विलीज पद्धतीची सीजे-३बी ही जीप घेतली आहे. अमेरिकेंतील विलीज कंपनीनें हा नमुना १९५३ सालीं बाहेर आणिला. महिंद्र मंडळीनें १९४७ च्या सुमारास मुंबईस विलीज जीपगाड्यांची जुळणी आरंभिली होती, व पुढें हाच नमुना तिनें या देशांत कित्येक वर्षें बनविला. म्हणून त्याचे सुटे भाग आजहि मिळूं शकतात. या गाडीचें बॉनेट आधींच्या जीपहून उंच आहे. तिच्या इंजिनांत आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर व धूर सोडणाऱ्या झडपा बाजूस अशी मांडणी असल्यामुळें इंजिनाची उंची वाढली, आणि त्याला झांकण्यासाठीं बॉनेटहि उंच करावें लागलें. इंजिन चार सिलिंडरांचें असून त्याचें माप १३४ घन इंच, म्हणजे सुमारें २,२०० घन सेंटिमीटर आहे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांची अशीच एक जीप अकरा वर्षें गोठ्यालगत उभी होती. ती चालूं करावयाची तर प्रथम इंजिन, असा आमचा समज. दोन महिने खपून इंजिन दुरुस्त केलें. ज्या दिवशीं तें धडधडूं लागलें त्या दिवशीं घरांत दिवाळीच झाली. आईनें गाडीस हळदकुंकू वाहिलें, नारळ फोडला, आणि आठ वर्षांच्या पुतण्यास शेजारीं बसवून आम्हीं गाडी अंगणाबाहेर काढिली. ब्रेकचें पेडल आदल्या दिवशीं गाडी उभी असतांना दाबून पाहिलें होतें. तें टणक लागलें, आणि तेवढ्यावर आमचें समाधान झालें होतें.

आमच्या अंगणापासून विहिरीकडे उतार आहे. उतारावर ब्रेक दाबला, तों पहिल्या क्षणीं गाडी किंचित् आवरली, व दुसऱ्या क्षणीं पेडल फळीस टेकलें. हातब्रेक ओढला, तो तेलानें माखलेला असल्यामुळें धरीना. विहीर तीसेक पावलांवर राहिली असतां गाडी उकिरड्यांत घातली, म्हणून आज हा लेख लिहितां येत आहे. पुतण्याच्या कपाळास तीन टांके पडले. आई त्यानंतर कित्येक दिवस त्या गाडीकडे पाहीना.

मागाहून चाकें उतरवून पाहिलीं तेव्हां कारण उघड झालें. पुढच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी आंतून कुजली होती. जोराचा दाब येतांच ती फुटली. चाकांतील लहान सिलिंडर गंजले होते, आणि त्यांतील रबरी वाट्या चामड्यासारख्या कडक झाल्या होत्या. यांत गाडीचा दोष नव्हता; आमचा क्रम उलटा होता. गाडी प्रथम थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि सर्वांच्या शेवटीं शोभली पाहिजे. खोंड गाडीस जुंपण्यापूर्वीं आपण त्याची वेसण पाहतों, तद्वतच हें आहे. पुढील विवेचन याच क्रमानें केलें आहे. मात्र त्याआधीं दोन गोष्टी उरकाव्या लागतात, कागद आणि जागा.

कागद

पान्यास हात लावण्यापूर्वीं गाडीचें नोंदणीपत्र शोधावें. सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले अंक गंज खरवडून वाचावे, आणि ते नोंदणीपत्राशीं जुळतात कीं काय हें पाहावें. गाडी निवर्तलेल्या वडिलांच्या वा आजोबांच्या नांवावर असल्यास वारसाच्या नांवें करून घ्यावी. हें काम शेवटीं करूं म्हणून मागें टाकणाऱ्यांच्या गाड्या सजून तयार होतात, पण रस्त्यावर काढतां येत नाहींत.

गाडी कशासाठीं वापरावयाची याचाहि निर्णय आरंभींच करावा. २०२१ च्या नियमांप्रमाणें व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीस ‘व्हीए’ या अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीची ५,००० रुपये ठरविण्यांत आली, आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरणें वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या कामास किंवा धंद्यास ती वापरतां येत नाहीं. ज्यास जीपमधून मळ्यांत जावयाचें आहे, त्यानें या मार्गास न जातां जुनी साधी नोंदणीच तपासणी करवून नूतनीकृत करावी. उलट, ज्यास व्हिंटेज नोंदणी हवी असेल त्यानें इंजिन बदलण्याचा मोह आवरावा. आपल्याकडील कित्येक जीपगाड्यांतील पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसविण्यांत आलें. तसा बदल झालेल्या गाडीस मूळ रूप देणें अवघड व खर्चाचें असतें.

जागा, जॅक आणि ठोकळे

काम सपाट व टणक जमिनीवर करावें. शेणानें सारवलेल्या मऊ भुईंत जॅक रुततो. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखालीं कदापि शिरूं नये. आंसाखालीं बाभळीचे वा सागाचे रुंद ठोकळे, नाहींतर लोखंडी घोडे द्यावे. विटा रचूं नयेत. वीट वांकत नाहीं, ती एकाएकीं फुटते.

या जीपसंबंधीं एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हिचा हातब्रेक चाकांवर नसून मागील आंसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, गिअरपेटीच्या मागें बसविलेला आहे. त्यामुळें मागचें एक चाक उचललें असतां हातब्रेक ओढूनहि गाडी उभी राहत नाहीं. मागील आंसांतील दांत्यांच्या रचनेमुळें उचललेलें चाक उलट फिरतें, जमिनीवरील चाक सुलट फिरतें, आणि गाडी जॅकवरून घसरते. गिअर टाकून ठेवल्यानेंहि हेंच होतें. यासाठीं जमिनीवर असलेल्या चाकांस दोहों बाजूंनीं पाचरी मारल्याखेरीज जॅकला हात लावूं नये.

या जातीच्या बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. नट निघत नाहीं म्हणून पान्यावर लोखंडी नळी चढवून जोर करणाऱ्यानें अगोदर आटा कोणीकडचा आहे हें पाहावें. नाहींतर बोल्ट तुटून हातांत येतो.

काढलेला प्रत्येक भाग डब्यांत घालून त्यावर चिठ्ठी लावावी, आणि सोडण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र काढावें. हल्लीं खिशांतील फोननें तें फुकट निघतें. शिवाय एक वही ठेवावी. कोणत्या दिवशीं काय सोडलें, किती चकत्या निघाल्या, त्या कोणत्या बाजूस होत्या, हें तींत लिहावें. चार महिन्यांनीं जुळणी करितांना स्मरणशक्तीपेक्षां वहीच खरी ठरते.

थांबणें : ब्रेक

या गाडीच्या चारी चाकांस तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आहेत. पायानें पेडल दाबलें म्हणजे मुख्य सिलिंडरांतील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकललें जातें, व तेथील लहान सिलिंडर ब्रेकचे जोड ड्रमवर आवळतात. हल्लींच्या गाड्यांत नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यानें गाडी आवरते. जुन्या जीपमध्यें मार्ग एकच. बंद नळानें चार शेतांस पाणी दिलें असतां एका जागीं नळ फुटला म्हणजे चारीं शेतें कोरडीं पडतात, तसें येथें एका ठिकाणीं गळती झाली कीं चारी चाकांचा ब्रेक जातो. म्हणून ‘तीन चाकें ठीक आहेत, चौथें मागाहून पाहूं’ हा विचार येथें चालत नाहीं.

ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडींत तो ओलावा सिलिंडरांस आंतून गंजवितो, आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. यास्तव दीर्घकाळ पडून असलेल्या गाडीच्या सर्व रबरी नळ्या व रबरी वाट्या, त्या दिसण्यांत कशाहि असोत, बदलाव्या. लोखंडी बारीक नळ्या पुसून पाहाव्या, व गंजानें खवले धरलेल्या आढळल्यास नव्या घालाव्या. सिलिंडर आंतून आरशासारखा गुळगुळीत असेल तरच ठेवावा. खड्डे पडले असल्यास नवा घ्यावा. या भागांत काटकसर करूं नये.

ड्रम उघडतांना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्यें बहुधा ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुढें कर्करोगासारखे रोग होतात. ती धूळ फुंकूं नये, हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून फडकें पिशवींत बंद करावें. मुलांस त्या वेळीं जवळ येऊं देऊं नये.

नवें ब्रेक ऑइल बाटलीवर लिहिलेली जात पाहूनच घ्यावें. इंजिनाचें किंवा दुसरें कोणतेंहि वंगण त्यांत घालूं नये. खनिज तेलानें ब्रेकचें रबर फुगतें. नंतर मुख्य सिलिंडरापासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून आरंभ करून क्रमानें नळ्यांतील हवा काढावी. हवा निघाल्यावर पेडल पूर्ण जोरानें दाबून एक मिनिट धरावें. तें हळूहळू खालीं जात असेल तर गळती आहे असें समजावें. उभ्या गाडींत पेडल एकदां टणक लागलें ही कांहींच खूण नव्हे, हें आम्ही विहिरीच्या वाटेवर शिकलों. त्यानंतर हातब्रेक उघडून पाहावा. गिअरपेटींतून झिरपणाऱ्या तेलानें त्याचा लायनर भिजतो. म्हणून आधीं तेल रोखणारा सील बदलावा, मग लायनर.

वळणें : सुकाणू व चाकें

पुढचीं चाकें उचलून ठोकळ्यांवर घ्यावीं. एक चाक वर व खालीं धरून हलवावें. खडखडलें तर चाकाचें बेअरिंग वा चाक ज्यावर वळतें ती खुंटी सैल आहे. मग तेंच चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवावें, आणि दुसऱ्यास दांड्यांच्या सांध्यांकडे पाहावयास सांगावें. या जीपमध्यें सुकाणूची गति मधल्या एका वांकड्या तरफेमार्फत दोन्ही चाकांस पोंचते. त्या तरफेची खुंटी झिजली म्हणजे गाडी रस्त्यावर सरळ राहत नाहीं, आणि पुष्कळ जण विनाकारण सुकाणूची पेटी बदलीत बसतात.

टायर नक्षीवरून पारखूं नयेत. फार न चालवितां ठेवलेल्या टायरची नक्षी नवी दिसते. परंतु रबर ऊन व काळ यांनीं कडक होऊन त्यास बाजूनें बारीक भेगा पडतात. असे टायर गाडी अंगणांत हलविण्यापुरते ठीक, रस्त्यावर नकोत. पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यांच्या खुंट्या व मोठे बोल्ट यांचीहि याच वेळीं पाहणी करावी.

चालणें : इंजिन

अनेक वर्षें बंद असलेलें इंजिन एकदम स्टार्टरनें फिरवूं नये. प्रथम खालचें तेल काढावें. त्यांत पाणी निघालें तर कोठून आलें हें शोधावें. प्लग काढून प्रत्येक भोंकांत थोडें पातळ तेल व डिझेल यांचें मिश्रण ओतावें, आणि कांहीं दिवस तसेंच मुरूं द्यावें. मग नवें तेल भरून, प्लग काढलेलेच ठेवून, पुढील हँडलनें इंजिन सावकाश फिरवून पाहावें. अडलें तर बळजोरी न करितां पुन्हां मिश्रण ओतून वाट पाहावी. पिस्टनच्या कड्या तुटण्यापेक्षां आणखी आठवडा गेलेला बरा.

हँडल मारण्याची रीत नव्या पिढीस ठाऊक नसते. अंगठा मुठीभोंवतीं वळवूं नये. तो इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा. जोर खालून वर ओढण्यावर द्यावा, वरून खालीं दाबण्यावर नव्हे. इंजिन उलट उसळल्यास हँडल हातांतून सुटून जातें. अंगठा अडकलेला असल्यास मनगट मोडतें.

इंजिन मोकळें झाल्यावर चारी सिलिंडरांतील दाब मापकानें मोजावा. आंकडा किती यापेक्षां चारही आंकडे एकमेकांजवळ आहेत कीं नाहींत हें महत्त्वाचें. एखाद्यांत दाब कमी आढळल्यास त्यांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर कड्या झिजल्या आहेत, न वाढला तर बहुधा झडप नीट बसत नाहीं. या एका परीक्षेनें इंजिन सबंध उघडावें कीं केवळ माथा उतरवावा हें ठरतें, आणि पुष्कळ खर्च वांचतो.

जुळणीचीं मापें अंदाजानें ठेवूं नयेत. या इंजिनांत, तें थंड असतांना, आंत घेणाऱ्या झडपेचें अंतर ०.०१८ इंच व धूर सोडणाऱ्या झडपेचें ०.०१६ इंच ठेवितात. प्लगची फट ०.०३० इंच, आणि डिस्ट्रिब्यूटरांतील पॉइंटांची फट ०.०२० इंच असावी. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. पातळ पोलादी पट्ट्यांचें माप, ज्यास फिलर गेज म्हणतात, तें यासाठीं अवश्य विकत घ्यावें.

रेडिएटरांत विहिरीचें पाणी ओतण्याची आपली संवय सोडावी. काळ्या जमिनींतील विहिरींच्या पाण्यांत क्षार फार. ते तापल्यावर आंत थर धरतात, व इंजिन तापूं लागतें. त्यासाठीं तयार मिळणारें कूलंट वापरावें. अडचणीच्या वेळीं सांठविलेलें स्वच्छ पावसाचें पाणी त्यांतल्या त्यांत बरें.

इंधन आणि वीज

आतां एक अशी अडचण सांगतों, जी आपल्याच ऊंसांतून निघाली आहे. ऊंस व धान्य यांपासून काढलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें आपल्या देशांत २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. ऊंसवाल्यांस यांत लाभ आहे, हें खरें. परंतु जुन्या गाडीचीं रबरें व बुचाचीं पॅकिंगें त्या काळच्या पेट्रोलासाठीं बनविलेलीं होतीं. इथेनॉलनें तीं मऊ पडतात, फुगतात वा चिरतात. तें पाणी शोषतें, आणि टाकींत जुना थर असल्यास तो सोडवून कार्ब्युरेटरांत नेतें. शिवाय इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच असल्यामुळें जुन्या जुळणीवर मिश्रण पातळ पडतें व इंजिन अडखळतें.

यावर उपाय असे. टाकी काढून तींत डिझेल व थोडी साखळी घालून हलवावी, म्हणजे गंज सुटतो. पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचीं पॅकिंगें व सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या. मिश्रण किंचित् दाट करून घ्यावें. गाडी महिन्याहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. या जीपची टाकी बैठकीखालीं आहे, हें कोणींहि विसरूं नये. वेल्डिंग करण्यापूर्वीं ती उतरवून दूर ठेवावी. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षां अधिक धोक्याची, कारण तींत वाफ कोंडलेली असते.

विजेच्या तारांचीं आवरणें उंदीर खातात, आणि जुनें कापडी आवरण आपोआप गळून पडतें. तुकड्यांस तुकडे जोडण्यापेक्षां सर्व तारा नव्या घालाव्या, व मूळ गाडींत नसले तरी फ्यूज बसवावे. बॅटरी जोडण्यापूर्वीं गाडी ६ व्होल्टची आहे कीं १२ व्होल्टची हें दिवे व कॉइल पाहून ठरवावें. कोणतेंहि काम करितांना बॅटरीची सांगाड्याकडे जाणारी तार प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी.

शोभणें : पत्रा आणि रंग

सर्वांत मजेचें काम हें, आणि म्हणूनच लोक येथून आरंभ करितात. रंगविलेली गाडी पुन्हां उघडावी लागते, तेव्हां रंगाचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. गाडी थांबूं, वळूं व चालूं लागून कांहीं दिवस विनातक्रार गेले म्हणजेच पत्र्यास हात घालावा.

गंज वरच्या पत्र्यावर दिसतो, पण तो राहतो खालीं. फळीखालील आडव्या पट्ट्यांत चिखल सांठतो, आणि तेथें पत्रा आंतून कुजतो. कोंकणांतील खाऱ्या हवेंत हें लौकर होतें, देशावर सावकाश. टोकदार हत्यारानें टोंचून पाहावें. जेथें तें आरपार जातें तेथला पत्रा कापून नवा जोडावा. भोंकावर लांबी भरून रंग देणें म्हणजे किडक्या दाण्यास पॉलिश करणें होय. सांगाड्याचे मुख्य गज कुजले असल्यास तें काम घरीं करूं नये. जाणत्या कारागिराकडे द्यावें. ब्रेकच्या यंत्रणेची अखेरची तपासणीहि, आपण सर्व नीट केलें असें वाटलें तरी, अनुभवी मिस्त्रीकडून करवून घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

सुटे भाग मुंबईंत कुर्ल्यास व दिल्लींत मायापुरीस जुन्या बाजारांत मिळतात. घेतांना जुना भाग सोबत नेऊन ताडून पाहावा. नांवानें मागितलेला भाग पुष्कळदां दुसऱ्याच सालचा निघतो. मोडक्या दुसऱ्या जीपचा सांगाडा स्वस्तांत मिळाल्यास तोहि सुटे भाग काढण्यास उपयोगी पडतो. मात्र त्याचेहि कागद मागावे.

समारोप

हें काम शेतकऱ्यास परकें नाहीं. ज्यानें पंपाचें इंजिन उघडलें आहे, नांगराचा फाळ बदलला आहे, त्याच्या हातांस ही विद्या लौकर येते. पाऊस लांबला किंवा पीक काढून झालें म्हणजे जे मोकळे दिवस मिळतात, ते यांत चांगले जातात. खर्च थोडथोडा करितां येतो, व घरांतील मुलांस यंत्राची ओळख होते. एवढेंच कीं घाईनें हा उद्योग करूं नये. उकिरड्यांत शिरलेली आमची गाडी पुन्हां उघडून, ब्रेकपासून आरंभ करून, नीट व्हावयास पुढें चौदा महिने लागले. दरम्यान आईची समजूत घालणें हेंच काम सर्वांत कठीण गेलें. अखेर ज्या दिवशीं गाडी त्याच उतारावर मध्यावर थांबून दाखविली, त्या दिवशीं ती कांहीं न बोलतां पुढें झाली आणि बैठकीवर जाऊन बसली.

तो पुतण्या आतां शेतकी कॉलेजांत शिकतो. सुटींत घरीं आला म्हणजे गाडी तोच काढतो. गाडी गोठ्याबाहेर आणण्यापूर्वीं तो चारी चाकांमागें वांकून ओल आहे काय पाहतो, पेडल दाबून मिनिटभर धरतो, आणि मगच इंजिनास हात लावितो. आमच्या शेतकरी बंधूंनीं आपल्या पडवींतील गाडीस हात घालण्यापूर्वीं एवढा क्रम तरी ध्यानांत ठेवावा, अशी विनंति आहे.